वाऱ्याने रचलेले कडे : व्हर्मिलियन क्लिफ्समधले पाच दिवस

नोकरीला लागले तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत दरवर्षी एक आकृती मी फळ्यावर काढत आले. चंद्रकोरीसारखी वाळूची टेकडी, शेजारी एक बाण, बाणावर लिहिलेलं 'वारा'. खाली नाव, बारखाण. मग वाऱ्याचं खनन, वहन आणि संचयन कार्य. नंतरच्या धड्यात स्तरित खडक. पण आपल्याकडे खिडकीतून हात बाहेर काढला तरी लागतो तो काळा बेसॉल्ट. मुलांना वालुकाश्म दाखवायचा म्हणजे कपाटातला एक तळहाताएवढा तुकडा, तोच दर वर्षी, या बाकावरून त्या बाकावर फिरायचा.

लेक आणि जावई फिनिक्सला असतात. यंदा ऑक्टोबरात त्यांच्याकडे गेले तेव्हा लेकीने ग्रँड कॅन्यनचा बेत जवळजवळ पक्का केला होता. मी म्हटलं, कॅन्यन नंतर, आधी मला व्हर्मिलियन क्लिफ्स दाखव. ॲरिझोनाच्या अगदी उत्तरेला, युटाच्या सीमेला टेकलेला हा राखीव प्रदेश. ९ नोव्हेंबर २००० रोजी राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी त्याला 'नॅशनल मॉन्युमेंट'चा दर्जा दिला. सुमारे २,८०,००० एकर जमीन, देखभाल ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या सरकारी खात्याकडे. आत एकही डांबरी रस्ता नाही, माहिती केंद्र नाही, उपाहारगृह नाही, आणि बहुतेक ठिकाणी मोबाइलला रेंजही नाही.

पहिला दिवस : फिनिक्स ते मार्बल कॅन्यन

जवळपास २७० मैलांचा रस्ता. फ्लॅगस्टाफपर्यंत चढ आहे. निवडुंग मागे पडतात आणि पाइनची झाडं सुरू होतात. कॅमेरॉन सोडलं की झाडंही संपतात. तिथून पुढे नवाहो या आदिवासी लोकांचा प्रदेश. बिटर स्प्रिंग्जला ८९-ए या रस्त्याला वळलो आणि समोर क्षितिजावर एक लांबच लांब लाल भिंत दिसायला लागली, ती पुढचे पाच दिवस डोळ्यांपुढून हलली नाही.

कोलोरॅडो नदी ओलांडायला नवाहो ब्रिज. शेजारी शेजारी दोन पूल आहेत, जुना १९२९चा आणि नवा १९९५चा. जुन्यावरून आता फक्त पायी जाता येतं. मधोमध उभं राहून खाली बघितलं, तर ४६७ फुटांवर हिरवंगार पाणी. पोटात गोळा आला, पण कठडा सोडवेना.

या पुलावर घड्याळाची एक गंमत आहे. नवाहो नेशन उन्हाळ्यापासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत घड्याळं तासभर पुढे ठेवतं. बाकीचं ॲरिझोना ठेवत नाही. म्हणजे पूर्वेच्या टोकाला साडेचार वाजले असतील तर चालत पश्चिमेला पोचेपर्यंत साडेतीन. पुढे युटात शिरलं की पुन्हा तासभर पुढे. फोन मनाला येईल तसा वेळ बदलत राहतो. जावयाने जाडसर पेनाने एक कागद लिहून गाडीत समोर चिकटवला : कुठल्या दिवशी कुठलं घड्याळ पाळायचं. इथे जाणाऱ्या प्रत्येकाने एवढं कराच. परवानगीच्या, गाइडला भेटायच्या वेळा यावरच अवलंबून असतात.

पुलाखालच्या लोखंडी तुळईवर एक काळाभोर पक्षी पाठमोरा बसला होता. लेक म्हणाली गिधाड असेल. त्याने मान वळवली, तेव्हा पंखावरची क्रमांकाची पट्टी दिसली आणि शेजारी उभ्या असलेल्या बाई कुजबुजल्या, "काँडॉर!" गिधाडासारखाच, पण त्याहून मोठा पक्षी. आम्ही तिघं अर्धा तास तिथून हललो नाही. त्याने उडावं असं फार वाटत होतं, पण तो काही उडाला नाही.

कड्यांच्या पायथ्याला एका साध्या लॉजमध्ये उतरलो. संध्याकाळी कडे लाल दिसतील म्हणून बाहेर खुर्च्या टाकून बसलो, पण इथे ते पूर्वेकडे तोंड करून उभे आहेत. सूर्य त्यांच्या मागे गेला आणि सगळी भिंत निळसर सावलीत बुडाली. मी लवकर झोपले.

दुसरा दिवस : कडे, काँडॉर आणि कनॅब

पहाटे उठून बाहेर आले. ऊन आधी माथ्यावर आलं आणि मग एकेक थर उजळत खाली उतरलं. व्हर्मिलियन म्हणजे हिंगुळाचा रंग. पण इथे हिंगूळ कुठेच नाही, हे सगळं लोहाचं काम आहे. वाळूच्या कणाकणावर लोहाच्या ऑक्साइडचा पातळ लेप, त्याची ही लाली.

चहाचा कप कठड्यावर ठेवून मी थर वाचायला बसले. सगळ्यात खाली चॉकलेटी मोएनकोपी. त्यावर चिनली, जांभळट, राखाडी, मधेच हिरवट झाक असलेली. जुन्या ज्वालामुखींच्या राखेपासून झालेली ही माती, पाणी पिऊन फुगते आणि सुकली की भुसभुशीत होते. तिच्यावर मोएनेव्ह आणि कायेंटाचे लालभडक टप्पे, आणि माथ्यावर नवाहो वालुकाश्म. पायथ्यापासून वरपर्यंत सुमारे ३,००० फूट. कडा इतका सरळ का उभा आहे, याचं उत्तर त्या जांभळ्या पट्ट्यात आहे. मऊ चिनली झिजते, वरच्या कठीण खडकाचा आधार जातो, तो तुटून कोसळतो आणि कडा तसाच ताठ उभा राहून एक पाऊल मागे सरकतो.

सकाळी लीज फेरीला गेलो. दोन्ही बाजूंनी खोल दऱ्या असलेल्या या नदीच्या काठापर्यंत गाडी, घोडे नेता येतील अशी शेकडो मैलांत ही एकच जागा. १८७०च्या दशकाच्या सुरुवातीला जॉन डी. ली याने इथे तराफ्याची फेरी सुरू केली आणि १९२८पर्यंत ती चालली. तिथेच पारिया नदी कोलोरॅडोला मिळते. नदी म्हणायची, पण घोट्याएवढंही पाणी नव्हतं. चपला हातात घेऊन मी पलीकडे गेले आणि परत आले.

मग गाडी कड्यांच्या कडेकडेने पश्चिमेला. रस्त्यालगत माडीएवढाले दगड बारीक मातीच्या खांबांवर तोललेले आहेत, भूछत्र खडकांसारखे. वरून कोसळलेले तेच दगड. खालची माती झिजली, जिथे दगडाची सावली होती तेवढीच टिकली.

हाउस रॉक व्हॅली रोडवर काँडॉर बघायची जागा आहे, हमरस्त्यापासून साधारण तीन मैल आत. इथले काँडॉर कुठून आले ते सांगायलाच हवं. १९८२ साली जगात एकूण २२ कॅलिफोर्निया काँडॉर उरले होते. १९८७मध्ये रानातला शेवटचा पक्षीही पकडून पिंजऱ्यात आणला, कारण वाचवायचा दुसरा मार्ग राहिला नव्हता. पिंजऱ्यात पिल्लं वाढवली आणि डिसेंबर १९९६मध्ये याच कड्यांवरून सहा पक्षी पुन्हा आकाशात सोडले. त्यांचा मोठा शत्रू आजही शिसं आहे. शिकाऱ्याच्या गोळीचे बारीक तुकडे मेलेल्या जनावरात राहतात, काँडॉर ते खातात आणि विषबाधेने मरतात. मादी दोन वर्षांत एकच अंडं घालते, त्यामुळे एकेक पक्षी मोलाचा.

मी वाचत होते आणि आमच्या गावच्या माळावर ढोर टाकलं की उतरणारी गिधाडं आठवत होती. जनावरांना टोचलेल्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाने ती गेली. २००६मध्ये जनावरांसाठी ते औषध बंद झालं, तोवर माळ रिकामा झाला होता.

कड्यावर पक्षी शोधायचे कसे, ते तिथल्या एका माणसाने दाखवलं. पक्षी शोधूच नका म्हणाला, पांढरे ओघळ शोधा. जिथे ते नेहमी बसतात तिथे विष्ठेचे चुन्यासारखे ओघळ लाल खडकावर उमटलेले असतात. दुर्बीण त्या पांढऱ्यावर लावली आणि त्याच्यावर काळे ठिपके बसलेले दिसले. चार. उन्हाने हवा तापली तसा एकाने पंख पसरले. जवळजवळ तीन मीटरचा विस्तार. त्यानंतर पंख एकदाही न हलवता तो सगळ्या कड्यावरून सरकत गेला. लेकीने माझा हात घट्ट धरला होता, हे मला तो दिसेनासा झाल्यावर कळलं.

जेकब लेकवरून उतरून दुपारी कनॅबला, म्हणजे युटात आलो. तिथे 'द वेव्ह'च्या सोडतीचा अर्ज भरला. नॉर्थ कोयोटी ब्यूट्समधली ही लाटेसारखी खडकाची घळ सगळ्या जगाने फोटोत पाहिली आहे. दिवसाला ६४ माणसांनाच सोडतात. ४८ जणांची सोडत चार महिने आधी आणि १६ जणांची दोन दिवस आधी, तीही तुम्ही त्या परिसरात असाल तरच फोनवरून. अर्जाला ९ डॉलर, नंबर लागला तर माणशी आणखी ७. आमचा लागला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा भरला, तेव्हाही नाही. वाईट वाटलं, नाही कशाला म्हणू. पण २०२१पर्यंत ही संख्या दिवसाला २० होती, ती वाढवून ६४ केली आहे, आणि पुढच्या दोन दिवसांत तो खडक हाताखाली कसा लागतो ते पाहिल्यावर मला ६४सुद्धा भरपूर वाटतात.

तिसरा दिवस : व्हाइट पॉकेट

व्हाइट पॉकेटला परवाना लागत नाही, पण तिथवर पोचणं हीच परीक्षा. खोल वाळूचा रस्ता, चारही चाकांना जोर असलेली उंच गाडी हवी आणि ती वाळूत चालवायची सवय हवी. आमच्याकडे दोन्ही नव्हतं, म्हणून कनॅबची एक गाइड तिच्या जीपसकट ठरवली. सकाळी आम्हाला घेतलं, आणि वाळू सुरू व्हायच्या आधी उतरून चारही टायरांची हवा कमी केली. टायर पसरट झाला की वाळूवर तरंगतो, टणक राहिला तर रुततो. वाटेत भाड्याची एक गाडी आसापर्यंत रुतलेली होती. गाइडने आमची जीप थांबवली, फावडं काढलं, फळ्या लावल्या आणि पाऊण तासात आतल्या दोघांना बाहेर काढलं. त्यांच्याजवळ पाण्याची एकच बाटली होती. ती त्यांना रागावली नाही, फक्त आपल्याकडचं पाणी दिलं आणि परत फिरायला लावलं.

अडीच-तीन तासांनी झुडपांच्या मागे काहीतरी पांढरं दिसलं. वाटेवरच्या काळपट, खरखरीत मातीवर पाय द्यायचा नाही, असं गाइडने बजावलं. ती माती जिवंत असते. सूक्ष्म जिवांच्या जाळ्याने कण बांधून धरलेली साय. एक पाऊल पडलं तर ती भरून यायला वर्षानुवर्षं लागतात.

आणि मग खडक सुरू झाला.

मी इतकी वर्षं शिकवत होते की थर आडवे असतात, एकावर एक रचलेल्या वह्यांसारखे. इथे ते तसे नव्हतेच. माथ्यावर पांढऱ्या खडकाची उशी, तिच्यावर भेगांची जाळी, एकेक चौकट फुगलेली, आणि खाली लाल, गुलाबी, हळदी पिवळे पट्टे वळत, मुरडत, एकमेकांत शिरत गेलेले. ताक घुसळताना रवीभोवती लोणी फिरावं तसे. गाइड म्हणाली, ही वाळू खडक होण्याआधीच, पाण्याने पार भिजलेली असताना घसरली आणि घुसळली गेली, असं भूशास्त्रज्ञ मानतात. ते घुसळणं तसंच गोठून राहिलं.

पण मला हवं होतं ते थोडं पुढे, एका उभ्या कातळावर होतं. तिथे वाळू घुसळलेली नव्हती. बोटाच्या पेराएवढे पट्टे, सगळे एकाच बाजूला तिरपे कललेले. वर एका आडव्या रेषेने ते कापल्यासारखे संपत होते आणि त्या रेषेवर दुसरे तिरपे पट्टे सुरू. चिरोट्याचे पदर असावेत तसे मोजता येत होते.

मी लेकीला जवळ बोलावलं. म्हटलं, हे बघ, ही बारखाणीची पाठ. वारा मंद उताराच्या बाजूने वाळू वर चढवतो. माथ्यावर पोचली की ती पलीकडच्या तीव्र उतारावरून घसरते. प्रत्येक घसरणीचा एक थर. टेकडी पुढे सरकते, मागून दुसरी येते, पहिलीचा माथा खरवडून तिच्यावर चढते. ती कापलेली रेषा आहे ना, तिथे एक टेकडी संपली आणि दुसरी आली.

"मग वारा कुठून येत होता गं?"

थर ज्या दिशेला उतरतात तिकडे वारा जात होता. मी तळहात पट्ट्यांवर सपाट ठेवला. उतार दक्षिणेकडे होता. म्हणजे वारा उत्तरेकडून. सुमारे १९ कोटी वर्षांपूर्वीचा वारा, डायनोसॉरच्या काळातला, आणि त्याची दिशा मी हाताने सांगत होते. आपला सह्याद्रीचा बेसॉल्ट तापून वाहत आला, तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. त्याच्या तिप्पट जुनं हे वाळवंट. फळ्यावर आयुष्यभर मी आधी टेकडी काढली आणि मग बाण. इथे बाण टेकडीच्या पोटात होता.

"आई, तू रडतेयस का?" लेकीने विचारलं. मी हो म्हटलं.

हात काढला तर तळव्याला गुलाबी कण चिकटले होते. जोरही लावला नव्हता. इतका हा खडक मऊ. पट्ट्यांच्या पातळ कडा बाहेर आलेल्या असतात, पापडाएवढ्या. कुणी त्यांच्यावर पाय दिला की कट्कन तुटतात आणि पुन्हा येत नाहीत. आम्ही बूट काढून मोज्यांवर चाललो, गाइडनेही काढले.

पांढरं आणि लाल असं का, हे जावयाने विचारलं. सगळी वाळू आधी लालसरच होती. पुढे जमिनीच्या पोटातून झिरपणाऱ्या पाण्याने काही ठिकाणी लोह विरघळवून नेलं, तिथे खडक पांढरा पडला. आणि ते लोह जिथे जाऊन साचलं तिथे पिवळे, नारिंगी, जांभळे डाग, कधी गोट्यांएवढे काळे गोळे. ते गोळे जमिनीवर विखुरलेले होते. मी एक उचलला, खूप वेळ हातात धरला आणि होता तिथेच ठेवला.

खळग्यांमध्ये मागच्या पावसाचं पाणी अजून होतं. दुपारच्या उन्हात खडकाची सावली त्यात पडली होती. आम्ही डबा उघडून तिथेच बसलो. चार तासांत आमच्याशिवाय फक्त सहा माणसं दिसली.

चौथा दिवस : वायर पास

परवाना नाही म्हणून वेव्हच्या वाटेलाच फुटणाऱ्या दुसऱ्या वाटेने गेलो. वायर पासचा ओढा बकस्किन गल्च या लांबलचक चिंचोळ्या घळीला जाऊन मिळतो. माणशी ६ डॉलर पेटीत टाकायचे. निघण्याआधी हवामान पाहिलं, आणि नुसतं इथलं नाही, उत्तरेकडचंही, कारण या घळीचं पाणी तिकडून येतं. डोक्यावर निरभ्र आकाश असताना मागून लोंढा येऊ शकतो.

सुरुवातीला रुंद ओढा, मग अचानक भिंती जवळ आल्या. एका ठिकाणी खांदे तिरके करून जावं लागलं. वर आकाशाची एक चिरोळी. मान वर केली तर दोन भिंतींमध्ये झाडाचा ओंडका आडवा अडकलेला, माझ्या डोक्याच्या कितीतरी वर. तिथपर्यंत पाणी चढलं होतं. त्यानंतर आम्ही मोठ्याने बोललो नाही.

दोन घळी मिळतात तिथे खडकावर कोरलेले मेंढे आहेत, वळलेल्या शिंगांचे, एकामागे एक चाललेले. फार जुने. हात लावायचा नाही. मी बराच वेळ पाहत राहिले. ज्यांनी ते कोरले त्यांनाही पावसाची दिशा बघूनच आत यावं लागत असेल.

दुपारी एकपर्यंत बाहेर आलो. उत्तरेला ढग जमायला लागले होते. रात्री कनॅबला छपरावर पाऊस वाजला.

पाचवा दिवस : परत

सकाळी गाइडचा निरोप आला : हाउस रॉकच्या रस्त्यावर जाऊ नका, ओली माती साबणासारखी होते. आमचा तसा बेत नव्हता. पण मी म्हटलं, पेज गावावरून नको, आल्या वाटेनेच जाऊ. लीज फेरीला थांबायचंय.

पावसाने कडे धुऊन निघाले होते. रंग गडद झाला होता, ओल्या विटेसारखा, आणि चिनलीचा पट्टा वांग्याच्या सालीसारखा दिसत होता. जावई गाडी चालवताना मला थर म्हणून दाखवत होता, खालून वर. मोएनेव्ह विसरला, मी आठवण केली.

लीज फेरीला पोचलो. तीन दिवसांपूर्वी चपला हातात घेऊन ओलांडलेली पारिया दाट लाल गाळ घेऊन धावत होती. ग्लेन कॅन्यन धरणामुळे इथे कोलोरॅडो हिरवी, स्वच्छ आणि थंड असते. तिच्यात हे लाल पाणी मिसळत नव्हतं. कितीतरी अंतरापर्यंत एकाच पात्रात दोन रंग शेजारी शेजारी वाहत होते, मधे काठ शिवल्यासारखी एक रेघ.

मी काठावर वाकून लाल पाण्यात हात घातला. मूठ वर काढली, पाणी निथळलं आणि तळहातावर वाळू राहिली, बारीक, गोल कणांची, गुलाबी.

"आई, निघायचं? पाच तास जायचंय अजून," लेक गाडीपाशी उभी होती.

हात पुन्हा पाण्यात धरला. वाळू निघून गेली.